यरीहोचा तट आणि दोरीवरचे कांबळे

धर्मग्रामाच्या सभागृहात चित्रपट दाखवावयाचा ठरला, म्हणजे निवड बहुधा दोन-तीन विषयांच्या पलीकडे जात नाही. एखाद्या संताचे चरित्र, प्रभूचे दुःखसहन, नाही तर फातिमाच्या तीन मुलांची कथा. हे चित्रपट पाहावेत, पुन्हा पुन्हा पाहावेत, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु सणाच्या संध्याकाळी आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर बाकांवर येऊन बसलेले असताना, त्या सर्वांना एकाच वेळी पोट धरून हसविणारा एखादा चित्रपट लावावा असे कोणी सुचविले, की समितीतील वडीलधारी मंडळी जराशी चुळबुळ करू लागतात. हसणे म्हणजे जणू वेळेचा अपव्यय! या लेखात आम्ही अशाच एका हसविणाऱ्या चित्रपटाची शिफारस करणार आहोत. तो नव्वद वर्षांहून जुना आहे, कृष्णधवल आहे, इंग्रजी आहे. आणि त्यातील विनोदाचा कणा मात्र पवित्र शास्त्रातील एका प्रसंगावर उभा आहे.

'इट हॅपन्ड वन नाइट', म्हणजे 'एका रात्री घडलेली गोष्ट', हे त्याचे नाव. हॉलिवूडच्या कोलंबिया कंपनीने तो १९३४ साली काढला. या जातीच्या चित्रपटांना अमेरिकेत 'स्क्रूबॉल कॉमेडी' म्हणतात. स्क्रूबॉल हा मूळचा बेसबॉलच्या खेळातला शब्द. चेंडू नेहमीच्या वळणाच्या उलट दिशेला वळवून फलंदाजाला चकविणारी ती फेक. क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या मुलांना 'गुगली' म्हटले की ते लगेच उमजेल. त्या दशकात असे चित्रपट पुष्कळ निघाले. लाडावलेली, हट्टी, श्रीमंत नायिका. तिच्याशी पदोपदी भांडणारा सामान्य माणूस. सुसाट वेगाने चाललेली बोलाचाली. आणि ज्या दोघांचे कधीकाळी पटणार नाही असे वाटते, त्यांचेच अखेर लग्न. या साऱ्या परंपरेचा पाया ज्या थोड्या चित्रपटांनी घातला, त्यांत प्रस्तुत चित्रपटाचे स्थान फार वरचे आहे.

गंमत अशी, की त्याच्या जन्मकाळी कोणाला त्याच्याकडून फारशी आशा नव्हती. कोलंबिया ही त्या वेळी लहान कंपनी. नायक क्लार्क गेबल हा मेट्रो कंपनीकडून उसना आणलेला. नायिकेची भूमिका अनेक नट्यांनी नाकारली. शेवटी क्लॉडेट कोल्बर्ट हिने पन्नास हजार डॉलर घेऊन आणि चार आठवड्यांत मोकळे करण्याचे वचन घेऊन होकार दिला. काम संपताच, इतका वाईट चित्रपट आपण कधी केला नव्हता, असे तिने आपल्या स्नेह्यांना सांगितले म्हणतात! दिग्दर्शक फ्रँक काप्रा हा सिसिलीतील बिसाक्विनो गावच्या गरीब कॅथलिक कुटुंबात १८९७ साली जन्मला. सहाव्या वर्षी आईबापांबरोबर जहाजातून अमेरिकेस आला, लॉस अँजेलिसच्या रस्त्यांवर वर्तमानपत्रे विकीत शिकला, रसायन-अभियांत्रिकीची पदवी मिळविली, आणि तरीही बेकार राहिला. गरिबाला पैशाचा हिशेब कसा तोंडपाठ असतो, हे ज्याने घरात पाहिले आहे त्यालाच हा चित्रपट काढता आला असता असे आम्हांस वाटते. त्याचे कारण पुढे येईलच.

२२ फेब्रुवारी १९३४ रोजी न्यूयॉर्कच्या 'रेडिओ सिटी म्युझिक हॉल' या सुमारे सहा हजार आसनांच्या भव्य चित्रपटगृहात तो प्रथम लागला, आणि एका आठवड्यात उतरला. मोठ्या शहराने त्याला असे निरोप दिल्यावर तो लहान गावांच्या लहान चित्रपटगृहांत गेला. तेथे मात्र निराळेच घडले. पाहून आलेल्या माणसाने शेजाऱ्याला सांगितले, शेजाऱ्याने मेहुण्याला. काही कुटुंबे पुन्हा तिकिटे काढून आली. जाहिरातीने जे साधले नाही, ते तोंडोतोंडीच्या बोलण्याने साधले. तो काळ अमेरिकेतील महामंदीचा. १९३३ साली दर चार कामकऱ्यांपैकी जवळजवळ एक बेकार होता. अशा दिवसांत पदरमोड करून तिकीट काढणाऱ्या लोकांनी हा चित्रपट उचलून धरला, ही गोष्ट आम्हांस त्याच्या पारितोषिकांहून मोलाची वाटते.

पारितोषिकेही मिळाली. २७ फेब्रुवारी १९३५ च्या समारंभात उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा ही पाचही मुख्य ऑस्कर बक्षिसे त्याने नेली. असा योग त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ दुसऱ्या कोणत्याही चित्रपटास आला नाही. कोल्बर्टबाई तर त्या रात्री न्यूयॉर्कची गाडी पकडण्यासाठी स्टेशनवर गेल्या होत्या. त्यांना तेथून घाईघाईने परत आणले आणि प्रवासाच्या पोशाखातच त्यांनी चिमुकल्या शर्ली टेंपलच्या हातून बक्षीस घेतले. 'सर्वांत वाईट' चित्रपटासाठी!

आता कथा. एली ही एका कोट्यधीशाची मुलगी. किंग वेस्टली नावाच्या एका विमानबहाद्दराशी तिने बापाच्या इच्छेविरुद्ध न्यायाधिकाऱ्यापुढे लग्न नोंदविले आहे. हा वेस्टली तिच्या पैशावर डोळा ठेवून आहे, असे बापाचे मत. म्हणून त्याने तिला मायामीच्या किनाऱ्यावर आपल्या नौकेत अडकवून ठेवले आहे. ती तडक समुद्रात उडी घेते, पोहत किनारा गाठते आणि न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये बसते. त्याच बसमध्ये पीटर वॉर्न हा नुकताच नोकरीवरून काढलेला बातमीदार आहे. तो तिला ओळखतो. बाप मुलीच्या शोधासाठी दहा हजार डॉलरांचे इनाम लावतो. पण पीटरला इनाम नको, तिच्या पळून जाण्याची साद्यंत बातमी हवी. मी तुला न्यूयॉर्कला पोहोचवितो, तू मला बातमी दे, असा करार होतो.

एलीला जगाची काडीइतकी माहिती नाही. तिची बॅग चोरीला जाते. आपण येईपर्यंत बस थांबेल असे गृहीत धरून ती बाहेर फिरते, आणि बस निघून जाते. सकाळी स्नानगृहाच्या रांगेत ती सरळ पुढे जाऊन उभी राहते, तेव्हा इतर बाया तिला शेवटी पाठवितात. नळावर पाणी भरणाऱ्या आपल्या भगिनींना हा प्रसंग भाषांतरावाचून कळेल. पीटर तिला कॉफीत डोनट कसा बुडवावा याचा धडा देतो, कारण बुडवून खाण्याचीही एक रीत असते आणि श्रीमंताच्या पोरीला ती ठाऊक नसते. उलटपक्षी पीटरचा अहंकारही काही कमी नाही. रस्त्यावर अंगठा दाखवून मोटार कशी थांबवावी यावर तो लांबलचक व्याख्यान देतो आणि मोटारींची रांगच्या रांग त्याच्या अंगठ्यासमोरून निघून जाते. मग एली पुढे होते आणि पायघोळ झगा गुडघ्याच्या जरा वर उचलून पहिलीच मोटार थांबविते. येथे काही भुवया उंचावतील. परंतु सभागृहात सर्वांत मोठा हशा पिकेल तोही येथेच, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

मुख्य प्रसंग मात्र पहिल्या रात्रीचा आहे. पावसाने पूल वाहून गेल्यामुळे उतारूंना रस्त्याकडेच्या झोपड्यांत मुक्काम करावा लागतो. पैसे अपुरे, म्हणून पीटर नवराबायको असे सांगून एकच खोली घेतो. एली दारातच थिजते. पीटर काय करतो? दोन खाटांच्या मधोमध एक दोरी बांधतो, तिच्यावर एक कांबळे टाकतो आणि सांगतो, हा यरीहोचा तट. यहोशवाच्या लोकांनी कर्णे वाजवून पाडला त्या तटाइतका जाड नसेल, पण त्याहून भक्कम आहे. कारण माझ्याजवळ कर्णा नाही! यहोशवाच्या सहाव्या अध्यायातील कथा आपल्या मुलांना ठाऊक आहेच. सात याजक, सात कर्णे, सातव्या दिवशी सात फेऱ्या, आणि लोकांच्या जयघोषाबरोबर कोसळलेला तट. एका मळकट कांबळ्याला हे नाव देऊन काप्राने आणि पटकथाकार रॉबर्ट रिस्किनने पुरुषाचा शब्द आणि स्त्रीची अब्रू या दोन्ही गोष्टी एका दोरीवर टांगल्या. ते कांबळे कोणीही एका हाताने बाजूला सारू शकला असता. कोणी सारीत नाही. पुढे एका रात्री एलीच आपले प्रेम बोलून तटाच्या अलीकडे येते, तेव्हा पीटरच तिला परत तिच्या खाटेकडे पाठवितो. कारण अजून ती दुसऱ्याची पत्नी आहे.

बसमधील आणखी दोन दृश्ये सांगितल्याखेरीज पुढे जाववत नाही. एकात सारे उतारू मिळून एक लोकप्रिय गाणे म्हणतात, एकेक कडवे एकेकाने आणि पालुपद सर्वांनी, आणि ड्रायव्हर त्या भरात बस रस्त्याखाली चिखलात घालतो. हसणे अजून ओठांवर आहे तोच एका लहान मुलाचे रडणे ऐकू येते. त्याची आई भुकेने बेशुद्ध पडली आहे. जवळचा सर्व पैसा तिकिटांवर गेला, न्यूयॉर्कला काम मिळेल या आशेवर ती निघाली आहे. एली आणि पीटर जवळची नोट त्या मुलाच्या हाती ठेवतात, आणि त्यानंतर कोट्यधीशाच्या मुलीला शेतातील कच्ची गाजरे खाण्याची पाळी येते. आधी ती नाक मुरडते, मग खाते.

शेवटी गैरसमज होतो, एली बापाच्या घरी परतते, आणि वेस्टलीशी तिचे लग्न आता थाटामाटात पुन्हा लागावयाचे ठरते. नवरदेव तर विमानासारख्या एका यंत्रातून अंगणात उतरतो! त्याच दिवशी पीटर बापाकडे पैसे मागावयास येतो. दहा हजार नव्हे. त्याची मागणी एकोणचाळीस डॉलर साठ सेंट. रोख खर्च आठ साठ, ओव्हरकोट पंधरा, बॅग साडेसात, टोपी चार, तीन शर्ट साडेचार. एवढ्या वस्तू पेट्रोलपायी गेल्या, तेवढे द्या. काप्राच्या गरिबीचा उल्लेख आम्ही केला तो यासाठी. मुलीचा हात धरून वेदीकडे चालत असताना बाप तिच्या कानात सांगतो, की त्या माणसाने इनाम घेतले नाही, मोटार फाटकापाशी उभी आहे. आणि एली आपला लांबलचक शुभ्र पदर सांभाळीत हिरवळीवरून धावत सुटते.

येथे आमच्या वाचकांतील विचारी माणूस थांबवून विचारील, की आधीच्या लग्नाचे काय? प्रश्न योग्य आहे. चित्रपट तो टाळीत नाही. बाप वेस्टलीला एक लाख डॉलर देऊन ते लग्न कायद्याने शून्य ठरवून घेतो. म्हणजे घटस्फोट नव्हे, तर मुळात ते लग्न उभेच राहिले नाही असा निर्णय. हा निर्णय अमेरिकन न्यायालयाचा आहे, ख्रिस्तसभेच्या न्यायासनाचा नव्हे, आणि एलीच्या धर्माविषयी चित्रपट काही सांगत नाही. हा फरक तरुणांना समजावून सांगण्यास यासारखी दुसरी संधी मिळणार नाही. तथापि चित्रपटाची सचोटी पाहा. पीटर आणि एली विवाहाचा परवाना घेऊन एका खोलीत उतरले आहेत, तरी निर्णयाची तार येईपर्यंत दोरी आणि कांबळे जागच्या जागी आहेत. तार येते. मग खेळण्यातल्या कर्ण्याचा आवाज ऐकू येतो आणि कांबळे खाली पडते. आपल्याला आत काहीच दिसत नाही.

त्या काळी हॉलिवूडच्या नीतीविषयी कॅथलिक समाजात मोठी खळबळ होती. चित्रपटांसाठी १९३० साली तयार झालेल्या नियमावलीच्या रचनेत डॅनिएल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूंचा हात होता, आणि ती १९३४ च्या जुलैपासून कडकपणे अमलात आली. म्हणजे आपला हा चित्रपट लागल्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी. २९ जून १९३६ रोजी पोप अकरावे पायस यांनी 'विजिलांती कुरा' हे परिपत्रक काढले. त्यात वाईट चित्रपटांपासून सावध राहण्याचा इशारा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. त्यातच धर्मग्रामांच्या चित्रपट-सभागृहांचा उल्लेख आहे, ही सभागृहे चित्रव्यवसायाची चांगली गिऱ्हाइके असल्यामुळे ती चांगल्या चित्रपटांची मागणी करू शकतात असे पोपमहाशय म्हणतात, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानात राहते. १९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी केली, तीत याच काप्राचा १९४६ सालचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' घेतलेला आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. पीटर एलीला ओढा ओलांडताना खांद्यावर उचलून नेतो आणि बोलता बोलता एक फटका देतो; पुढे तिच्या बापाजवळ, या मुलीला रोज एक ठोसा देणारा माणूस हवा होता, अशा अर्थाचे बोलतो. १९३४ सालचा प्रेक्षक यावर हसला. आपण हसू नये. आपल्या गावांतूनही बायकोवर हात उगारणे हा पुरुषपणा समजणारी माणसे अद्याप आहेत, आणि नायकाच्या तोंडचे वाक्य त्यांच्या कानांत नको तेवढे घुमते. दृश्य कापावे असे आम्ही म्हणत नाही. चित्रपट संपल्यावर फादरांनी अथवा शाळेच्या बाईंनी त्याबद्दल दोन शब्द स्पष्ट बोलावेत. त्याच पीटरने बसमध्ये एलीला सतावणाऱ्या शेपली नावाच्या फाजील उतारूला कसे गप्प केले, तेही त्यांनी त्याच वेळी आठवून द्यावे.

हा चित्रपट आज मोबाईलवर एकट्याने पाहता येईल, मग सभागृहाचा खटाटोप कशाला? याचे उत्तर आम्हांस दुसऱ्याच एका चित्रपटात मिळाले. प्रेस्टन स्टर्जेस या विनोदी चित्रपटांच्या नामवंत दिग्दर्शकाने १९४१ साली 'सलिव्हन्स ट्रॅव्हल्स' काढला. त्याचा नायक सलिव्हन हाही विनोदी चित्रपटांचाच दिग्दर्शक. हसविण्याचा त्याला कंटाळा येतो. गरिबांच्या दुःखावर काही गंभीर काढावे म्हणून तो गरिबाच्या वेषात हिंडू लागतो आणि दैवाच्या फेऱ्याने खरोखरीच सक्तमजुरीच्या तुरुंगात पडतो. एका रात्री त्या कैद्यांना कृष्णवर्णीयांच्या एका खेड्यातील चर्चमध्ये चित्रपट पाहावयास नेतात. तेथील उपदेशक आपल्या लोकांना पुढची बाके रिकामी करावयास सांगतो. आज येणाऱ्या पाहुण्यांना शब्दाने, कृतीने वा नजरेने कमी लेखू नका, असे बजावतो. साखळदंडांचा खणखणाट करीत कैदी मधल्या वाटेने येतात. भिंतीवर पांढरी चादर. तिच्यावर १९३४ सालचेच एक लहानसे व्यंगचित्र चालू होते. डिस्नेचा प्लूटो कुत्रा माशा धरण्याच्या चिकट कागदाला चिकटतो. एक पाय सोडवावा तो दुसरा अडकतो. उपदेशक हसतो, कैदी हसतात, पहारेकरी हसतो. आणि सलिव्हनच्या लक्षात येते, की आपणही हसत आहोत. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेचे चिटणीस वॉल्टर व्हाइट यांनी या दृश्याबद्दल चित्रपटकर्त्यांचे पत्राने आभार मानले होते. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये अशा लोकांना इतक्या सन्मानाने क्वचितच दाखवीत.

सलिव्हनने तेच व्यंगचित्र कोठडीत एकट्याने पाहिले असते तर तो हसला असता काय? आम्हांस शंका आहे. विनोदी दिग्दर्शक आपली दृश्ये भरलेल्या सभागृहासाठी रचीत. हशा पुरता ओसरेपर्यंत पात्रे जराशी थांबतात, आणि मगच पुढचे वाक्य येते. एकट्या माणसाला त्या जागा रिकाम्या वाटतात. शिवाय ज्या दोन घरांत बांधावरून अबोला आहे, ती दोन्ही घरे एकाच क्षणी एकाच गोष्टीला हसली, तर दुसऱ्या दिवशी बांध जागेवरच असेल, पण कदाचित एखादा शब्द निघेल. याहून अधिक दावा आम्ही करीत नाही.

कथा अगदीच परकी वाटेल अशी धास्ती नको. राज कपूर आणि नर्गिस यांचा १९५६ सालचा 'चोरी चोरी' आपल्या आजीआजोबांनी तंबूतल्या सिनेमात पाहिला असेल. अनंत ठाकूर यांनी दिग्दर्शित केलेला, शंकर-जयकिशन यांच्या संगीताने गाजलेला तो चित्रपट याच कथेवरून बेतलेला आहे. १९९१ सालचा 'दिल है के मानता नहीं' हाही तिचाच वंशज. थोरल्यांना पहिला आठवेल, मधल्यांना दुसरा.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून थांबतो. चित्रपटाचे हक्क ज्यांचे आहेत त्यांची सार्वजनिक खेळासाठी रीतसर परवानगी आधी मागावी. कोणाकडून तरी मिळविलेली प्रत धर्मग्रामाच्या नावाने लावणे शोभत नाही. इंग्रजी बोलणे फार जलद आहे. म्हणून खेळापूर्वी गावातील एखाद्या चांगल्या बोलणाऱ्याने दहा मिनिटांत पात्रे आणि प्रवासाची वाट सांगावी, यहोशवाची कथाही सांगावी. पडद्यावर खेळ चालू असताना मात्र शेजारून अर्थ सांगत राहू नये, त्याने विनोद मरतो. सभागृहात आवाज घुमत असेल तर मागच्या भिंतीवर सतरंज्या टांगाव्यात. चित्रपट एक तास पंचेचाळीस मिनिटांचा आहे आणि अमेरिकन असल्यामुळे त्यात मध्यंतर नाही. आपल्याकडे चहावाचून भागणार नाही. बस चिखलात रुतल्यावर तो शेपली इनामात वाटा मागू लागतो, आणि पीटर आपण भयंकर दरोडेखोर असल्याची बतावणी करून त्याला असा घाबरवितो की तो अंधारात धूम ठोकतो. ते दृश्य साधारण मध्यावर येते. दिवे तेथे लावावेत.